त्रिकोण होतो की नाही? भास्कराचार्यांची कसोटी

३, ६ आणि ९ सेंमी बाजूंचा त्रिकोण काढून पाहा. पट्टी-कंपास घेऊन कितीही वेळ बसलात तरी तो होणार नाही. हे उदाहरण आमच्या मनचे नाही. पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी ते 'लीलावती'त घातले आहे.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. ते म्हणजे विजापूर की चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर, यावर विद्वानांचे एकमत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना आचार्य आपलेच वाटतात, म्हणून आम्ही या वादात पडत नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, तिचे लग्न घटिका बंद पडल्याने हुकले, ही कथा पुष्कळांनी ऐकली असेल. ती १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून पसरली. मूळ ग्रंथात ती नाही.

आता त्रिकोणाकडे वळू. आचार्य सांगतात की सरळ बाजूंच्या आकृतीत एका बाजूपेक्षा बाकीच्या बाजूंची बेरीज कमी किंवा तिच्याइतकीच भरली, तर ती आकृतीच नव्हे. असा प्रश्न घालणाऱ्याला ते चक्क धीट म्हणतात! ३ आणि ६ मिळून ९ होतात, म्हणून त्या दोन बाजू तिसरीवर आडव्या पडतात, वर उचलल्या जात नाहीत. चौकोनासाठी त्यांनी ३, ६, २ आणि १२ या बाजू दिल्या आहेत. पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा, असेही ते सुचवतात. पालकांनी घरी उदबत्तीच्या काड्या तोडून हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. परीक्षेत मुले सूत्रात आकडे घालून मोकळी होतात. बाजूंच्या निम्म्या बेरजेचे क्षेत्रफळाचे सूत्र इथे वापरले तर उत्तर शून्य येते, आणि तिथेच थांबून विचार करायला हवा.

होणारे त्रिकोण शोधण्याची रीतही त्यांनी दिली. काटकोनाची एक बाजू १२ असेल तर दुसरी बाजू व कर्ण कोणते? १६ व २०, ९ व १५, ५ व १३. आणि अपूर्णांक चालत असतील तर अशा जोड्यांना अंतच नाही.

उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नाही. ६९ व्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, पंचांगाच्या गणितासाठी त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी होता, तर नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटणला मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळाले. हे सांगणारा तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.