एक स्पार्क प्लग आणि काही तास

आरमोरीहून विमान पकडायचं तर आधी एसटीनं नागपूर गाठायचं. म्हणजे नुसतं अंतर मोजून प्रवासाचा वेळ कळत नाही. वाटेतलं थांबणंही धरावं लागतं. जेआरडी टाटांना हा हिशेब पंचविशीतच कळला.

जन्म १९०४, पॅरिस. भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचाच, १९२९चा. पुढच्याच वर्षी आगाखान स्पर्धेसाठी ते कराचीहून लंडनला एकटेच निघाले. उलट दिशेनं येणारा सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इजिप्तमध्ये अबुकीरला अडकला होता, स्पार्क प्लग बिघडल्यामुळे. जेआरडींनी स्वतःजवळचा प्लग देऊन टाकला. अस्पी काही तासांच्या फरकानं जिंकला आणि पुढे हवाई दलप्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टपाल घेऊन सकाळी कराचीहून उडाले, अहमदाबादला इंधन भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. अंतर सुमारे हजार किलोमीटर, वेग ताशी जेमतेम १६०. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९४८मध्ये तिचं विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोहोचलं. त्यात जेआरडीही होते. १९९३मध्ये जिनिव्हातच ते वारले. हरलेल्या स्पर्धेचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही म्हणतात. दिलेला प्लग मात्र लोकांच्या लक्षात राहिला.