युसुफ मेहरअली : देशाला घोषणा देणारा मुंबईचा महापौर

दरवर्षी 9 ऑगस्टला क्रांती दिन साजरा होतो. मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानावर हार-फुले वाहिली जातात, शाळांमधून भाषणे होतात. ज्या घोषणेने हा लढा ओळखला जातो ती क्विट इंडिया, म्हणजेच भारत छोडो, ही घोषणा कोणाची, असे मुलांना विचारून बघा. बहुतेक जण गांधीजींचे नाव सांगतील. ती घोषणा सुचवणाऱ्याचे नाव युसुफ मेहरअली होते, हे आपल्याच घरातल्या कितीतरी मुलांना ठाऊक नाही.

युसुफ मेहरअलींचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईत एका श्रीमंत खोजा व्यापारी घराण्यात झाला. घरात कापड गिरणीचा वारसा होता, कशाची ददात नव्हती. मनात आणले असते तर पेढीवर बसून आरामात आयुष्य काढता आले असते. पण एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असतानाच जगभरच्या तरुणांच्या चळवळींचा इतिहास त्यांनी वाचून काढला आणि आपला रस्ता ठरवून टाकला. पुढे कायद्याचे शिक्षणही घेतले.

1928 साली त्यांनी मुंबईत तरुणांची संघटना उभी केली, ती म्हणजे बॉम्बे यूथ लीग. त्याच वर्षी सायमन कमिशन आले. हिंदुस्थानचे भवितव्य ठरवायला आलेल्या या कमिशनमध्ये एकही हिंदी माणूस नव्हता. 3 फेब्रुवारीला पहाटे कमिशन मुंबई बंदरात उतरले, तेव्हा मेहरअली आणि त्यांचे सोबती हमालांच्या वेशात धक्क्यापर्यंत जाऊन पोहोचले आणि त्यांनी सायमन गो बॅक ही घोषणा दिली. लाठ्या खाव्या लागल्या, पण बघता बघता ती घोषणा देशभर गेली. घोषणा मेहरअलींचीच होती. तेव्हा त्यांचे वय होते अवघे 24.

याची किंमत लगेच चुकवावी लागली. राजकीय कामामुळे मुंबई हायकोर्टाने त्यांना वकिलीची सनदच नाकारली. कायदा शिकलेला माणूस कोर्टात उभा राहू शकला नाही. मात्र आरोपी म्हणून उभे राहायची वेळ पुन्हा पुन्हा आली. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग, 1932 मध्ये पुन्हा तुरुंग. आयुष्यात एकूण आठ वेळा ते आत गेले. नाशिकच्या तुरुंगात त्या काळी समाजवादी विचारांचे तरुण एकत्र आले होते. 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला, तेव्हा जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी यांच्याबरोबर मेहरअलीही संस्थापकांमध्ये होते. 1938 मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या जागतिक युवक परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधी मंडळाचे नेतृत्व त्यांनी केले.

1942 साली मुंबईच्या महापौरपदी त्यांची निवड झाली. त्या वेळपर्यंतचे ते मुंबईचे सर्वांत तरुण महापौर ठरले.

त्याच वर्षी गांधीजी निर्वाणीचा लढा पुकारायच्या तयारीत होते आणि त्यासाठी दोन-चार शब्दांची घोषणा शोधत होते. कोणी गेट आऊट सुचवले, पण ते उद्धटपणाचे वाटले. मेहरअलींनी क्विट इंडिया हे शब्द कोरलेले एक धनुष्य गांधीजींना भेट दिले आणि गांधीजींना ते शब्द पटले, अशी आठवण गांधीजींचे स्नेही शांतीकुमार मोरारजी यांनी नोंदवून ठेवली आहे. 8 ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून धरपकड सुरू झाली आणि मुंबईचे महापौर पुन्हा गजाआड गेले.

येरवड्याच्या तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना मुंबईच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये चांगल्या उपचारांसाठी हलवायची तयारी दाखवली. मेहरअलींनी तुरुंगातल्या आणखी दोन आजारी स्वातंत्र्यसैनिकांना तेच उपचार मिळावेत, अशी मागणी केली. सरकारने ती फेटाळली, तेव्हा मेहरअलींनीही हॉस्पिटलमध्ये जायला नकार दिला. 1943 मध्ये सुटका झाली, पण तब्येत कायमची ढासळली होती.

फाळणीच्या त्या वर्षांत धर्माच्या नावावर माणसे वाटली जात होती. मेहरअली मात्र कामगार आणि शेतकऱ्यांच्या राजकारणाला चिकटून राहिले. मुसलमान म्हणून त्यांनी वेगळे काही मागितले नाही आणि आपले मुसलमानपण लपवलेही नाही. हे शहर आणि हा देश त्यांनी आपला मानला होता, तो कोणाला सिद्ध करून दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. 2 जुलै 1950 रोजी वयाच्या 46 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना आदरांजली म्हणून मुंबईतल्या ट्राम, बस आणि लोकल काही काळ थांबल्या होत्या.

पनवेलजवळ तारा गावात त्यांच्या नावाने एक केंद्र चालते. तिथे ग्रामोद्योग, शिक्षण, आरोग्य अशी कामे होतात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या कितीतरी जणांनी ती पाटी पाहिली असेल, पण ते कोण, हे विचारले नसेल.

आज मुसलमानांनी देशासाठी काय केले, असा प्रश्न कोणीही उठून विचारतो. आपण चिडतो, मोबाईलवर एखादी यादी पुढे पाठवतो आणि विसरून जातो. त्यापेक्षा येत्या 9 ऑगस्टला आपल्या मुलांना, शेजारच्या मुलांना, मग ती कोणत्याही समाजाची असोत, दहा मिनिटे बसवून हा एकच माणूस नीट सांगू या. घोषणा त्यांना पाठ आहेच, आता त्यामागचा माणूसही कळू दे.