सात अनाथ भाऊ आणि त्यांचा जन्मदाता

गेल्या वर्षी आपल्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी-संपादक मंडळावर माझी निवड झाली, तेव्हा वर्गातल्या एका मित्राने आपली कथा मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिली. कथा दोन भावांची होती. आईबाप गेलेले, चुलत्याच्या घरी वाढणारी ती पोरे रानात गुरे राखीत आणि एकमेकांना शिव्या देत देतच एकमेकांवर माया करीत. सबंध कथा त्यांच्याच बोलीत होती, निवेदनसुद्धा. भाषा अशुद्ध आहे, प्रसंग ग्राम्य आहेत, प्रमाण भाषेत लिहून आण, असे सांगून मी ती परत केली. त्याने ती पुन्हा आणली नाही. आपण एक वाङ्मयीन कर्तव्य पार पाडले असेच मला त्या वेळी वाटले होते.

पुढे काही महिन्यांनी ग्रंथालयात दुसरेच काही शोधताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती लागले. ‘सात भाऊ’ या फिनिश कादंबरीचा ॲलेक्स मॅटसन यांनी केलेला तो अनुवाद १९२९ साली प्रसिद्ध झालेला. फिनलंडविषयी मला बर्फापलीकडे काही ठाऊक नव्हते. पण पहिल्या पानांतच आईबापावेगळी सात पोरे भेटली आणि मला माझ्या मित्राची वही आठवली. कादंबरी वाचून संपली तेव्हा ती लिहिणाऱ्याचे पुढे काय झाले हे शोधल्यावाचून राहवेना. जे सापडले ते येथे सांगतो.

अलेक्सिस किवी याचा जन्म १० ऑक्टोबर १८३४ रोजी दक्षिण फिनलंडमधल्या नुर्मियार्वी परगण्यातल्या पालोयोकी या खेड्यात झाला. बाप गावचा शिंपी, आई लोहाराची मुलगी. घराण्याचे आडनाव स्टेनव्हाल. हे नाव स्वीडिश, आणि ‘स्टेन’ म्हणजे दगड. फिनिश भाषेत दगडाला ‘किवी’ म्हणतात. पुढे लेखक झाल्यावर त्याने हेच नाव घेतले. परक्या भाषेतला दगड त्याने आपल्या भाषेत आणून ठेवला, इतकेच. पण तेवढ्यात त्याच्या आयुष्याचे सारे काम आले.

ते काम किती अवघड होते हे कळायला त्या देशाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्यानंतर तो रशियाच्या झारच्या अमलाखाली गेला. राज्यकर्ते बदलले, पण शिक्षण, कचेऱ्या, न्यायालये आणि सुशिक्षितांची बैठक यांची भाषा स्वीडिशच राहिली. फिनिश ही शेतकऱ्यांची, मोलकरणींची, जंगलतोड्यांची भाषा. इलियास ल्योनरूत यांनी खेडोपाडी हिंडून लोकगीते जमवली आणि त्यांतून १८३५ साली ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले, तेव्हा या भाषेत काही मोलाचे असू शकते हे शिकलेल्यांना प्रथम पटले. सरकारदरबारी फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीने स्थान देण्याचे फर्मान झारने १८६३ साली काढले, तेही वीस वर्षांच्या मुदतीने. किवी लिहू लागला तेव्हा त्याच्यापुढे फिनिश कादंबरीची वाट अशी नव्हतीच. पायवाटही त्यालाच पाडायची होती.

१८४६ साली शिंप्याचा हा मुलगा शिकायला हेलसिंकीला गेला. तिथली शाळा स्वीडिश. घरची गरिबी, अपुरे पैसे, मध्येच खंडणारे शिक्षण. या सगळ्यांतून वाट काढीत १८५९ साली विद्यापीठात त्याचे नाव दाखल झाले. पदवी मात्र त्याला कधीच मिळाली नाही. वर्गापेक्षा ग्रंथांत आणि रंगभूमीत तो अधिक रमला. शेक्सपिअर, सर्व्हांतिस आणि होल्बेर हे त्याचे खरे गुरू.

१८६० साली फिनिश साहित्य संस्थेच्या नाट्यस्पर्धेत त्याच्या ‘कुल्लेर्वो’ या शोकांतिकेला पारितोषिक मिळाले. तिचा विषय ‘कालेवाला’तला, आपल्या माणसांना पारखा झालेल्या एका दुर्दैवी मुलाचा. १८६४ साली ‘माळरानावरचे चांभार’ हे विनोदी नाटक छापून आले आणि पुढच्या वर्षी त्याला सरकारी पारितोषिक लाभले. त्याच वेळी रूनेबर्ग या राष्ट्रकवी मानल्या गेलेल्या थोर स्वीडिशभाषक कवीचे नाटकही विचारात होते. खेडवळ चांभाराच्या लग्नाची फजिती सांगणारे नाटक राष्ट्रकवीच्या नाटकाहून वरचढ ठरले, ही गोष्ट अनेकांना रुचली नसणार.

पण पारितोषिकाच्या पैशावर माणूस किती दिवस जगणार? १८६४ पासून सुमारे सात वर्षे किवी सिउंतिओ या भागात शारलोत्ता ल्योनक्विस्ट या बाईंच्या छोट्या घरात राहिला. बाई त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठ्या, अविवाहित आणि स्वतः कष्टाने पोट भरणाऱ्या. त्यांनी त्याला छप्पर दिले, जेवू घातले. त्याचे बहुतेक सारे महत्त्वाचे लेखन याच घरात झाले. वाङ्मयाच्या इतिहासात अशा माणसांना फार तर एखादी ओळ मिळते. पण त्या घरातली चूल पेटती राहिली नसती तर फिनिश कादंबरीचा जन्म आणखी लांबला असता, असे मला वाटते. याच काळात १८६६ ते १८६८ या वर्षांत फिनलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. एकट्या १८६८ सालात शंभरातली सुमारे आठ माणसे दगावली. त्या उपासमारीच्या दिवसांत किवी ‘सात भाऊ’ पुन्हा पुन्हा लिहीत होता.

आता थोडे त्या सात भावांविषयी. यूहानी, तुओमास, आपो, सिमेओनी, तिमो, लाउरी आणि एरो हे युकोला नावाच्या शेतघराचे वारस. थोरला पंचविशीतला, धाकटा अठराच्या आतबाहेर. बाप अस्वलाच्या शिकारीत मेलेला, आईही गेलेली. शेत ओसाड पडलेले, आणि पोरे धिप्पाड, आळशी, भांडखोर. त्या काळच्या लूथरपंथी चर्चचा नियम असा, की ज्याला वाचता येत नाही त्याला दीक्षा नाही, आणि दीक्षा नाही तर लग्नही नाही. सातही जण एकाच मुलीला, वेनलाला, मागणी घालायला जातात. ती त्यांना वाटेला लावते. मग चर्चच्या लुक्कारीकडे, म्हणजे वाचन शिकवणाऱ्या सेवकाकडे, अक्षरे गिरवणे आले. तिथे केस ओढले जातात, कोपऱ्यात उभे केले जाते. शेवटी सातही बाप्ये खिडकी फोडून पळ काढतात.

शेत दहा वर्षांच्या कराराने दुसऱ्याच्या हवाली करून ते इम्पिवारा नावाच्या घनदाट अरण्यात जातात. कोणी हुकूम सोडणारा नको, कोणी पुस्तक पुढे करणारा नको. पण नाताळच्या रात्री त्यांच्याच धांगडधिंग्याने झोपडी जळते आणि अंगावर धड कपडे नसलेली ती सात माणसे बर्फातून, लांडग्यांना चुकवीत, युकोलाकडे धाव घेतात. पुढे एका मोठ्या जमीनदाराच्या बैलांचा कळप त्यांना घेरतो. एका प्रचंड शिळेवर चढून ते कित्येक दिवस उपाशी बसतात आणि अखेर जीव वाचवण्यासाठी बैलांना गोळ्या घालतात. त्या बैलांची भरपाई करायची म्हणून जंगल तोडून ते जमीन लागवडीला आणतात. इथूनच ते शेतकरी होतात. दारूपायी घसरतात, पुन्हा सावरतात. आणि ज्या अक्षरांपासून पळाले त्यांच्याकडे आपल्या पायांनी परत येतात. धाकटा एरो आधी शिकतो आणि मग थोरल्यांना शिकवतो. दहा वर्षांनी ते घरी परततात. थोरल्या यूहानीला वेनलाच मिळते. एरो वर्तमानपत्रांत लिहू लागतो.

किवीने या भावांना कुठे शुद्ध करून घेतलेले नाही. त्यांची भांडणे त्याने नाटकासारखी, बोलणाऱ्याचे नाव आधी देऊन, लिहिली आहेत. ते शिव्या देतात, थापा मारतात, बायबलातली वचने उलटीपालटी करतात. अनुवादाच्या पडद्याआडूनही त्यांचे आवाज वेगवेगळे ओळखू येतात. लेखक त्यांना हसतो, पण वरून खाली पाहून हसत नाही. शाळेच्या खिडकीतून पळणाऱ्यांची बाजू त्याला आतून ठाऊक होती.

१८७० साली ही कादंबरी फिनिश साहित्य संस्थेने चार भागांत प्रसिद्ध केली आणि तिच्यावर घाला पडला. आउगुस्त आल्क्विस्त हा हेलसिंकी विद्यापीठातला फिनिश भाषेचा प्राध्यापक; त्याने एका स्वीडिश वृत्तपत्रातून तिची निर्भर्त्सना केली. फिनिश शेतकरी असा रानटी नाही, ही कादंबरी म्हणजे आपल्या वाङ्मयाला लागलेला डाग आहे, असा त्याचा रोख होता. फिनिश कादंबरीचे वाभाडे फिनिशच्या प्राध्यापकाने स्वीडिशमधून काढावेत, हा दैवदुर्विलासच!

तरी आल्क्विस्तला केवळ खलपुरुष ठरवून मला सुटता येत नाही. तो स्वतः एका गरीब मोलकरणीचा मुलगा. फिनिशशी नाते असलेल्या भाषांच्या अभ्यासासाठी त्याने रशियात आणि सायबेरियात दूरदूर प्रवास केले. आपल्या भाषेवर त्याचे प्रेम होते. म्हणूनच चार शिकलेल्या परक्यांपुढे ती नीटनेटकी दिसावी असे त्याला वाटत होते. जिच्यावर प्रेम करतो तिचीच लाज वाटणे, हा रोग माझ्या ओळखीचा आहे. मित्राची वही परत करताना मीही त्याच आसनावर बसलो होतो.

टीकेमुळे संस्था बिचकली. सबंध कादंबरी ग्रंथरूपाने लोकांसमोर आली ती १८७३ साली. किवी तोवर राहिला नव्हता. त्याची प्रकृती आधीच ढासळलेली होती. दारिद्र्य होते, कर्ज होते, दारूही होती. केवळ एका लेखाने त्याला मारले असे म्हणणे नाट्यमय होईल, खरे होणार नाही. पण खचत्या माणसाला तो आघात सोसवला नाही, हे नाकारता येत नाही. १८७१ साली त्याचे मन पार बिघडले आणि हेलसिंकीच्या लापिनलाह्ती मनोरुग्णालयात त्याला ठेवावे लागले. १८७२ च्या आरंभी थोरल्या भावाने, आल्बर्टने, त्याची जबाबदारी घेतली. तुसुला गावातल्या एका लहानशा खोपटात, ३१ डिसेंबर १८७२ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो वारला. सात भावांची कथा लिहिणाऱ्याला शेवटी भावाचाच आसरा मिळाला.

पुढची हकीकत सर्वज्ञात आहे. फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला. १९३९ साली हेलसिंकीच्या राष्ट्रीय नाट्यगृहासमोर व्हाइनो आल्तोनेन या शिल्पकाराने घडवलेला किवीचा पुतळा बसवण्यात आला. त्याचा जन्मदिवस तिथे फिनिश साहित्याचा दिवस म्हणून पाळला जातो. ते मृत्यूचे खोपटही जपून ठेवलेले आहे. जिवंतपणी त्याला मिळालेल्या जागेपेक्षा हा मान पुष्कळच ऐसपैस आहे.

हे सारे वाचल्यावर मी मित्राकडे गेलो आणि त्याची कथा पुन्हा मागितली. तो हसला. वही गावी आहे, पाहू, म्हणाला. या अंकाची मुदत संपली तरी ती आलेली नाही, आणि मागायचा हक्क मला कितपत उरला आहे हेही मला कळत नाही. पुढच्या वर्षी मंडळावर दुसरे कोणी असतील. माझा मित्र कदाचित त्यांच्याकडे जाईल. तेव्हा त्यांनी भाषेवर तांबडी रेघ ओढण्यापूर्वी ती दोन पोरे नक्की काय बोलताहेत ते एकदा ऐकून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे.