गुळवेलीची परीक्षा : डॉ. शरदिनी डहाणूकर

मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय ही डॉ. शरदिनी डहाणूकर यांची कर्मभूमी. औषधशास्त्र हा त्यांच्या अध्यापनाचा विषय होता. त्यांचे शिक्षण आधुनिक वैद्यकाचे झाले. तरी आयुर्वेदातील वनस्पतींविषयी त्यांच्या मनात मोठे कुतूहल होते.

आयुर्वेदाबाबत समाजात दोन टोकांची मते आढळतात. काहींना जुन्या ग्रंथांतील प्रत्येक शब्द प्रमाण वाटतो, तर काहींना ते सारे ज्ञान कालबाह्य वाटते. डॉ. डहाणूकरांनी ही दोन्ही टोके टाळली. ग्रंथात सांगितलेला गुण प्रयोगाने तपासावा, मगच तो रुग्णाच्या उपयोगी आणावा, असा मार्ग त्यांनी धरला. या कामासाठी के. ई. एम.मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला.

गुळवेल ही झाडांवर चढणारी, हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल. संस्कृतात तिला अमृता किंवा गुडूची म्हणतात, तर जबलपूरसारख्या हिंदी मुलखात गिलोय. आयुर्वेदाने तिला रसायन, म्हणजे शरीराचे बळ वाढवणारे औषध मानले आहे. हे बळ मोजायचे कसे? डॉ. डहाणूकर, डॉ. उर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना गुळवेलीचा अर्क दिला आणि त्यांच्या शरीरात रोगजंतू सोडले. अर्क मिळालेल्या उंदरांमध्ये मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. विशेष म्हणजे, काचपात्रात तोच अर्क जंतूंना मारू शकत नव्हता. तो रक्तातील पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची व मारण्याची शक्ती वाढवत होता. १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पित्ताचा मार्ग अडल्यामुळे होणाऱ्या काविळीत रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावते. शस्त्रक्रियेनंतर जंतुदोष होऊन अनेक रुग्ण दगावत. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि डॉ. डहाणूकर यांनी सहकाऱ्यांसह अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला त्यांबरोबर गुळवेलही दिली. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. दुसऱ्या गटात एकाही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातील ४० टक्के, तर दुसऱ्या गटातील ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण वाचले. हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांची संख्या लहान होती. पण पुढील संशोधनाला त्याने दिशा दिली.

डॉ. डहाणूकर मराठीतील लोकप्रिय लेखिकाही होत्या. 'वृक्षगान', 'फुलवा', 'हिरवाई' या पुस्तकांतून त्यांनी झाडाझुडपांशी सामान्य वाचकाची मैत्री जुळवून दिली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोविडच्या साथीत अनेकांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेतली. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी, ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्यावर मतभेदही झाले. वनस्पती ओळखीची असली, तरी कोणाला, किती आणि केव्हा द्यायची, हे तपासूनच ठरवावे लागते. डॉ. डहाणूकरांनी आयुष्यभर हेच काम केले.