दुर्गाबाई खोटे : एक कमावती बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी गृहकर्जाचे व्याजदर किंवा निवृत्तांची गुंतवणूक अशा विषयावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. सारा जन्म बँकेत घालवलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार! पण व्याजाचा विषय आपल्या वार्षिक सभेत दरवर्षी निघतोच. संस्थेला पंचवीस वर्षे झाली, आनंदाचा प्रसंग आहे, म्हणून आज माझ्या आवडीच्या एका अभिनेत्रीविषयी लिहितो.

१९७३ साली आम्ही चार मित्र नागपूरला ‘बॉबी’ पाहायला गेलो होतो. सगळ्यांचं लक्ष डिंपलकडे, आणि ते आमच्या वयाला धरूनच होतं. तिची आजी, मिसेस ब्रगांझा झालेल्या बाईंकडे कोण पाहतो! त्या बाई म्हणजे मराठीतल्या पहिल्या बोलपटाच्या नायिका दुर्गा खोटे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेरच्या त्या लाड. वडील पांडुरंग लाड हे सॉलिसिटर, मूळ घराणं गोव्याकडचं, घरात पैसा आणि शिक्षण दोन्ही. मुलीला कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात घातलं. त्या काळी आपल्याकडे मुलीने चौथी केली तरी पुष्कळ झालं असं मानत, हे लक्षात घ्या. लहान वयातच खोटे घराण्यात लग्न झालं. यजमान विश्वनाथ खोटे इंजिनिअर होते. सासर तर माहेरापेक्षाही श्रीमंत आणि तितकंच जुन्या वळणाचं. बकुल आणि हरिन हे दोन मुलगे झाले. इथपर्यंत सगळं सोन्याच्या ताटातलं.

मग खोटे घराण्याचा पैसा व्यवहारात बुडाला. अशी घरं मी नोकरीत पाहिली आहेत. गहाणाची मुदत संपते, नोटीस जाते, आणि काल ज्या घराला सगळे वाकून नमस्कार करत त्या घराकडे बघायलाही माणसं टाळतात. यजमानांच्या कमाईवर घर उभं राहील अशीही स्थिती नव्हती. दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या केल्या. इंग्रजी चांगलं होतं, पण शिकवण्यांवर दोन मुलांचं घर किती चालणार?

अशात १९३१ साली सिनेमात काम करण्याविषयी विचारणा झाली. मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’ हा मूकपट होता आणि त्याला बोलका भाग जोडायचा होता. काम लहानसंच होतं. पैशाची गरज होती, म्हणून बाईंनी ते केलं. चित्रपट अगदी सुमार निघाला आणि जाहिरातीत बाईंच्या घराण्याचा गाजावाजा केला गेला. मग काय, दोन्ही घरांची अब्रू चव्हाट्यावर आल्यासारखं झालं. कुलीन घरची सून सिनेमात, हा त्या काळी गुन्ह्यापेक्षा कमी नव्हता. सिनेमात काम करणाऱ्या बाईला कोणी भाड्याने घर देईना, असा तो जमाना होता.

बाई तिथेच थांबल्या असत्या तर आज मी हा लेख लिहिला नसता. पण तेच काम व्ही. शांताराम यांच्या पाहण्यात आलं. कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा पहिला बोलपट ते काढत होते, ‘अयोध्येचा राजा’. त्यांनी दुर्गाबाईंना तारामतीसाठी विचारलं. एकदा हात पोळलेला असूनही बाईंनी होकार दिला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, कॅमेऱ्यासमोरच गावं लागे, आणि बाई स्वतः गायल्या. १९३२ साली हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आला आणि गाजला. काल नावं ठेवणारे लोक तिकीट काढून तारामती पाहायला गेले.

इथे थोडं मागे जातो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई तयार झाली नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या, हॉटेलात काम करणाऱ्या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं. आपल्या झाडीपट्टीत दंडारीत पुरुषच बाई होऊन नाचत, ते आपण सर्वांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे आपल्याला याचं नवल नाही. दुर्गाबाई पडद्यावर आलेली पहिली स्त्री होत्या असं कुणी कुणी लिहितात, ते बरोबर नाही. त्याच १९१३ साली फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी आल्या होत्या. खोटेबाईंचं वेगळेपण असं, की शिकलेली, प्रतिष्ठित घरची सून उघडपणे स्वतःच्या नावानिशी या धंद्यात आली आणि टिकली. त्यानंतर मग अशा घरांतल्या इतर मुलींना वाट मोकळी झाली.

माझी एक गोष्ट सांगतो, सांगायला बरी वाटत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी याच भागातल्या एका शाखेत असताना नाटकात काम करणारी एक बाई शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला आली. धंद्याच्या रकान्यात तिने नाटक असं लिहिलं होतं. आपल्याकडे नाटकं धान निघालं की सुरू होतात आणि होळीच्या सुमारास संपतात. उत्पन्न हंगामी आहे म्हणून मी तिला जामीनदार आणायला सांगितलं. नियमात ते बसत होतं. पण धानाचं उत्पन्नही हंगामीच असतं, आणि तेवढ्याच रकमेसाठी शेतकऱ्याला मी तसं परत पाठवलं नसतं. ती पुन्हा आली नाही. दुर्गाबाईंचं आयुष्य वाचताना ती बाई मला हटकून आठवते.

पुढची कारकीर्द फार मोठी आहे, सगळी सांगत बसत नाही. त्या काळात नट-नट्या कंपनीच्या मासिक पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाई एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई, जिथे चांगलं काम आणि चांगला मोबदला मिळेल तिथे गेल्या. मुलं लहान असताना एकट्या बाईने एवढा प्रवास करायचा! कलकत्त्याला देवकी बोस यांच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये त्या सीता झाल्या आणि राम होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. हीच जोडी २६ वर्षांनी ‘मुगल-ए-आझम’मध्ये अकबर आणि जोधाबाई म्हणून दिसते. एकीकडे बादशहा नवरा, एकीकडे पोटचा मुलगा सलीम, आणि मधे ही आई. मधुबालाच्या गाण्यांपुढे जोधाबाई झाकली जाते, पण पुन्हा पाहाल तेव्हा तिच्याकडे जरूर लक्ष द्या.

मला स्वतःला ‘अमरज्योती’ (१९३६) मधली सौदामिनी सर्वांत आवडते. बाईला स्वतःच्या मुलावर हक्क नाही असा न्याय मिळतो, म्हणून ती चाचे लोकांची पुढारीण होते आणि समुद्रात जहाजं लुटते. शांतारामांचंच दिग्दर्शन. त्या वेळी दुर्गाबाईंचे दोन मुलगे घरी वाढत होते. हे काम करताना त्यांच्या मनात काय आलं असेल, असा विचार मी पुष्कळदा करतो.

आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मध्ये त्या खाष्ट सासू झाल्या, पुढल्या वर्षी ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. दोन्हींसाठी बंगालच्या सिने-पत्रकारांनी त्यांना पुरस्कार दिला. नायिका असताना सासू व्हायला किती नट्या तयार होतील? रंगभूमीवरही त्या आल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये प्रमुख भूमिका. शिवाय स्वतःची संस्था काढून माहितीपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. १९८८ साली मी चंद्रपूरला होतो. वागळेची कारकुनी बघून आमचा सगळा स्टाफ दुसऱ्या दिवशी काउंटरवर हसत असे. निर्मिती कोणाची हे तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं, बघा.

दुःखही वाट्याला आलं. धाकटा मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. आज रंगभूमीवर ज्यांचं नाव आदराने घेतात त्या विजया मेहता म्हणजे हरिनच्या पत्नी. त्यानंतरही बाईंनी काम सोडलं नाही. ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’ हे सगळे त्या साठी ओलांडल्यानंतरचे. ‘बिदाई’साठी सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, तेव्हा सत्तरी आली होती. १९६८ ला पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामती मिळत नव्हती, त्यांच्याच नावाचा!

शेवटच्या काळात त्यांचा मुक्काम अलिबागला होता. २२ सप्टेंबर १९९१ ला त्या गेल्या. २०१३ साली भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा टपाल खात्याने जी तिकिटं काढली त्यांत त्यांचंही तिकीट आहे.

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८२ सालचं. माझ्याकडे एक प्रत आहे, पानं थोडी सुटली आहेत. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी संध्याकाळी घरी येऊन न्यावं, विशेषतः बचत गटाच्या भगिनींनी. फक्त वहीत नाव लिहावं आणि महिन्याभरात परत आणून द्यावं. जामीनदार लागणार नाही.