सुरतेतली वही आणि लंडनचे पुस्तक

आपल्या बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत सुरतेचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून आठवतात. एक म्हणजे शिवाजीमहाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या, आणि दुसरी सुरतेची घारी. तिसरी आठवण सहसा कोणी काढीत नाही. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांना आपण ओळखतो, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर या शहरात काही वर्षे मास्तर होते, आणि आयुष्यातला सर्वांत अवघड मजकूर त्यांनी त्याच काळात लिहिला. तो मजकूर छापून यायला पंचवीस वर्षे लागली.

या गोष्टीकडे मी वळलो तो घरच्याच एका कारणाने. माझे वडील दरबारचे गवई. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार काही माझ्या वाट्याला आला नाही, वडिलांची बंदिशींची वही तेवढी आली. तिच्यातल्या कित्येक चिजा त्यांना दुसऱ्या घराण्यांच्या बुजुर्गांनी विश्वासाने दिलेल्या. काहींच्या समासात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे की ही कोणास देऊ नये. आता ती माणसे नाहीत, वडीलही नाहीत. शिष्यमंडळी विचारतात, वही छापीत का नाही? मला उत्तर देता येत नाही.

गाण्याच्या शिकवणीसाठी आठवड्यातून एकदा मी सुरतेस जातो. शिकवणी आटोपल्यावर गाडीला अवकाश असतो, तेव्हा चौकबाजारात, किल्ल्याच्या बाजूस तापीकाठी फिरत असतो. अशाच एका फेरीत दादोबांची आठवण झाली, आणि घरी येऊन त्यांचे आत्मचरित्र पुन्हा काढून बसलो.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईकडच्या तर्खडचे, वैश्य जातीचे. वडिलांचे नाव पांडुरंग आणि आईचे यशोदा. ही दोन नावे मुलाने पुढे किती प्रेमाने जपली ते ओघाने येईलच. एल्फिन्स्टनच्या परंपरेत इंग्रजी शिकून निघालेल्या पहिल्या पिढीतले ते एक. १८३६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले. पुढच्या कित्येक पिढ्या मराठी व्याकरण शिकल्या त्या या पुस्तकाच्या किंवा त्यावरून झालेल्या पुस्तकांच्या आधाराने. माळव्यात जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काही काळ काढला. त्यानंतर मुंबई, आणि १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेच्या इंग्रजी शाळेतली नोकरी.

ती सुरत वैभवातली नव्हती. व्यापार मुंबईने ओढून नेला होता, आणि १८३७ च्या मोठ्या आगीने शहराचा बराच भाग जाळून टाकला होता. पण छापील अक्षराशी या गावाचे नाते मात्र जुने. १६७० च्या सुमारास इथलाच एक धनिक दलाल भीमजी पारख याने कंपनीकडे छापखान्याची मागणी केली. आपल्या लोकांचे जुने ग्रंथ छापावेत ही त्याची इच्छा. त्यासाठी विलायतेहून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ मध्ये मुंबईस आला. पण त्याला देशी अक्षरांचे खिळे पाडता येईनात, आणि भीमजीचा मनोरथ तसाच राहिला. पुढे १८१५ साली लंडन मिशनचे स्किनर आणि फायव्ही हे पाद्री सुरतेस आले. त्यांनी गुजरातीत बायबलाचे भाषांतर चालविले आणि १८२० च्या सुमारास नवा करार छापून निघाला. हिंदू ग्रंथांसाठी भीमजीने मागितलेली गोष्ट सुरतेत प्रथम ख्रिस्ती ग्रंथांच्या कामी आली, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

मराठीतही तेच झाले होते. इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले, ओवीबद्ध मराठीत, पण रोमी लिपीत. नागरी खिळे मिळावेत अशी त्याचीही इच्छा होती. ती सफळ झाली नाही. मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ असा परक्या अक्षरांत छापला गेला, आणि पुढे भाविकांनी हाताने नकला करून तो टिकवला.

तेव्हा दादोबा सुरतेस पोचले त्या वेळी धर्माचे छापील पुस्तक म्हटले की लोकांच्या मनात मिशनचे पुस्तक येत असे. काळही तसाच पेटलेला. १८३९ मध्ये मुंबईत पारशी मुलांच्या धर्मांतराने गहजब उडाला होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनकडून परत आला तेव्हा त्याला जातीत घ्यावे की न घ्यावे यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देववून त्या मुलास पदरात घेतले, तर त्यांच्यावरच शिव्याशापांचा वर्षाव झाला. सुरतेसही नसरवानजी माणेकजी या पारशी विद्यार्थ्याच्या धर्मांतरावरून खळबळ उडाली.

अशा वेळी सुशिक्षित हिंदूपुढे दोनच वाटा दिसत. मिशनऱ्यांचे म्हणणे मान्य करून जात सोडावी, नाही तर जे चालत आले ते डोळे मिटून उचलून धरावे. दादोबांना दोन्ही पटेनात. सुरतेत त्यांना जोडीदार भेटले दुर्गाराम मंछाराम मेहता, म्हणजे गुजरातचे दुर्गाराम मेहताजी. हे १८०९ सालचे, सुरतेचेच राहणारे, विधवाविवाहाचा उघड पुरस्कार करणारे आणि मंत्रतंत्राचे कट्टे वैरी. त्यांच्या मंडळींनी पुस्तकप्रसारासाठी मंडळी काढून १८४२ मध्ये शिळाछापाचे यंत्रही मिळविले होते. २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी ही पाच मंडळी. सर्वांच्या नावांचा आरंभ एकाच अक्षराने, म्हणून गावाने त्यांना पाच दद्दे म्हणून नाव ठेवले. चिडवण्याकरिता ठेवले असावे, पण टिकले ते आदराने. सभेत उघड चर्चा होई, आणि मंत्राने चमत्कार करणाऱ्यांस तो सर्वांसमक्ष करून दाखविण्याचे आव्हान दिले जाई.

सभेत बोलणे एक आणि लिहून छापणे दुसरे. आम्हा गाणाऱ्यांना हा फरक चांगला कळतो. मैफलीत एखादी जागा चुकली तर ती हवेत विरते. ध्वनिमुद्रिकेत चुकली तर जन्मभर पाठीस लागते. १८४३ मध्ये, म्हणजे सभेच्याही आधी, दादोबांनी ‘धर्मविवेचन’ लिहून ठेवले होते. ईश्वर एक, त्याचीच भक्ती करावी. प्रेम आणि सदाचरण हाच धर्माचा पाया. मनुष्यमात्राची जात एक. प्रत्येकास विचाराचे स्वातंत्र्य असावे. वागणे विवेकाला धरून असावे. आणि खरे ज्ञान सर्वांस मिळावे. आज शाळेतला मुलगाही या विचारांना मान डोलावील. त्या काळी त्यांतला जातीविषयीचा एक विचार छापून नावानिशी बाहेर आला असता तर घरावर बहिष्कार येता, मुलाबाळांची लग्ने अडती. दादोबांनी ते लिहिले आणि ठेवून दिले.

१८४६ मध्ये ते मुंबईस शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख होऊन गेले. ते गेल्यावर मानवधर्मसभेचा जोर ओसरला, आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास गेल्यावर ती संपलीच. पण सुरतेचे बी मुंबईत रुजले. १८४९ मध्ये तिथे परमहंससभा निघाली. तिच्या तत्त्वांच्या मागे दादोबांचेच विचार होते. ही सभा मात्र गुप्त. सभासद ख्रिस्त्याच्या हातचा पाव खात, जातिभेद मोडल्याची खूण म्हणून. पण दारे लावून. सभासद पुरेसे झाले म्हणजे दारे उघडायची असा बेत होता. तो दिवस उजाडलाच नाही. १८६० मध्ये सभासदांच्या नावांचे दप्तर चोरीस गेले, नावे बाहेर फुटली, आणि घाबरलेली मंडळी पांगली.

दरम्यान दादोबा सरकारी नोकरीत चढत गेले. १८५२ पासून ते नगरकडे डेप्युटी कलेक्टर होते. १८५७ च्या धामधुमीत भिल्लांच्या बंडाच्या बंदोबस्तात त्यांनी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका लिहिली, ती १८६५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला नाव दिले ‘यशोदापांडुरंगी’, आईबापांचे. रूढ धर्माची कठोर चिकित्सा करणारा हा गृहस्थ केकावलीपाशी बसून शब्दाशब्दाचा अर्थ लावीत होता, हे विसरून चालणार नाही. कीर्तनात केकावली ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना त्याची गोडी सांगायला नकोच. त्यांना मोडायचे होते ते माणसामाणसांतले कुंपण. देव्हारा मोडण्यात त्यांना रस नव्हता.

१८६७ मध्ये त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रार्थनासमाज उभा राहिला. हा उघड समाज, उघड दारांचा. आणि पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, ‘धर्मविवेचन’ छापून निघाले. दोन्हींचा संबंध असावा असे मला वाटते. भावाने दार उघडलेले पाहून थोरल्याने वही बाहेर काढली असावी. पण पुस्तकावर दादोबांचे नाव नव्हते. कर्ता म्हणून ‘एक जगद्वासी आर्य’ एवढेच होते. पंचवीस वर्षांनीही नाव घालण्याचा धीर झाला नाही, असे म्हणून त्यांना दोष देणारे आहेत. पूर्वी मीही त्यांतलाच होतो.

आता तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण दादोबांच्या शेवटच्या वर्षांत आहे. त्या सुमारास त्यांच्या वाचनात स्वीडनचा तत्त्ववेत्ता इमॅन्युएल स्वेडनबॉर्ग आला. हा १६८८ सालचा, खाणखात्यातला मोठा अधिकारी, शास्त्रज्ञ. पन्नाशीनंतर त्याला आध्यात्मिक अनुभव येऊ लागले आणि उरलेले आयुष्य त्याने बायबलाचा अंतरार्थ सांगण्यात घालविले. मायदेशी असले लिखाण छापणे कठीण, म्हणून तो लंडन आणि ॲम्स्टरडॅम येथे स्वखर्चाने छापवून घेई, आणि तेही निनावी. आपले नाव त्याने धर्मग्रंथावर प्रथम घातले ते १७६८ मध्ये, ऐंशीव्या वर्षी. ‘धर्मविवेचन’ निघाले त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी. कोणत्याही धर्माचा माणूस आपल्या धर्मातील सत्याप्रमाणे चांगला वागला तर त्याला स्वर्गाचे दार बंद नाही, असे हा ख्रिस्ती ग्रंथकार सांगत होता. सुरतेत जे दादोबांनी लिहिले होते, तेच त्यांना दुसऱ्या टोकाकडून येताना दिसले असेल तर नवल नाही.

दादोबांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले: स्वेडनबॉर्गचे ग्रंथ आणि नव्या जेरुसलेमच्या मंडळीची तत्त्वे यांविषयी एका हिंदू गृहस्थाचे विचार. ते १८७८ मध्ये लंडनला जेम्स स्पायर्स यांनी प्रसिद्ध केले. ख्रिस्ती मताचा एवढ्या आपुलकीने विचार करणारे हे पुस्तक विलायतेच्या छापखान्यातून निघाले तेव्हा दादोबा चौसष्ट वर्षांचे होते. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मथळ्यातच त्यांनी स्वतःला हिंदू म्हणवून घेतले. तरुणपणी मिशनऱ्यांना त्यांनी सुरतेत उत्तर दिले होते. म्हातारपणी त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हातात घेतला तो वादासाठी नव्हे, तर त्यातले आपले काय आणि आपल्यातले त्यांचे काय हे पाहण्यासाठी. हे पहिल्यापेक्षा अधिक धैर्याचे काम होते असे मी समजतो, कारण यात दोन्हीकडचे लोक रागावण्याचा संभव.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी मुंबईत दादोबा वारले. त्यांच्यामागे आणखी एक हस्तलिखित राहिले, ते म्हणजे त्यांचे स्वतःचे चरित्र, अपुरे. ते अ. का. प्रियोळकरांनी संपादून १९४७ मध्ये प्रकाशात आणले, लेखकाच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी. प्रियोळकरांसारखा माणूस लाभला म्हणून आज आपल्याला त्यांचे बालपण, शाळा, नोकऱ्या त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळतात. नाही तर तेही कागद वाळवीच्या तोंडी जाते.

गेल्या आठवड्यात सुरतेहून परतल्यावर मी वडिलांची वही काढली. तिच्यात दोन प्रकारच्या चिजा आहेत हे मला आजवर ठाऊक असून दिसले नव्हते. काही वडिलांच्या स्वतःच्या, आणि काही विश्वासाने ठेवायला दिलेल्या. दादोबांनी पंचवीस वर्षे थांबवले ते स्वतःचे लिखाण. त्याचा भार, त्याचे भय आणि त्याचा निर्णय त्यांचाच होता. दुसऱ्याने झाकून ठेव म्हणून सांगितलेले उघडण्याचा हक्क मला त्यांच्या उदाहरणाने मिळत नाही. पण वडिलांच्या स्वतःच्या चिजांचे तसे नाही. त्या कोणी बंद करून ठेवलेल्या नाहीत. माझ्या आळसाने आणि थोड्याशा भीतीने पडून आहेत. लोक त्यांत उणे काढतील ही ती भीती.

त्या मी वेगळ्या करून लिहून काढायला बसलो आहे. अकरा झाल्या. बाकीच्या वहीच्या दोन नकला करून दोन शिष्यांच्या घरी ठेवायच्या, म्हणजे जळितात किंवा पुरात एकदम नाहीशी व्हायची नाही, एवढे ठरविले आहे. ती पाने कधी उघडायची ते पुढची पिढी ठरवील. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची अशी एखादी वही असेल तर त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी.