आठ वर्षांनी गवसलेली शांती : पंडिता रमाबाईंची गोष्ट

मुंबईहून सोलापूरकडे जाणारी गाडी पुणं सोडून दौंडच्या दिशेनं निघाली, की वाटेत केडगाव नावाचं स्टेशन लागतं. घाटकोपर, मुलुंडकडची कितीतरी माणसं गावी जाताना या स्टेशनावरून पुढे जातात. बऱ्याच गाड्या तिथं थांबतही नाहीत. पण या केडगावात एका बाईनं सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातल्या हजारो मुली-बायकांना आसरा दिला. तिचं नाव पंडिता रमाबाई. ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन.

रमाबाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. समाजसुधारक, विधवांसाठी काम केलेल्या, नंतर ख्रिस्ती झालेल्या, एवढं आठवतं. पण ख्रिस्ती झाल्यानंतरही त्यांच्या मनाला बरीच वर्षं स्वस्थता नव्हती आणि ती पुढे कशी मिळाली, हे फारसं कुणी सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे.

जंगलातलं घर आणि पायी वणवण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. त्या काळी बाईमाणसाला संस्कृत शिकवणं म्हणजे पाप समजत. पण शास्त्रीबुवांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, घरात बसवून संस्कृत शिकवलं. आईनं ते पुढे लेकीला शिकवलं. रानातल्या पहाटेच्या अंधारात आई पाठ सांगायची आणि रमा म्हणायची. लहान वयातच तिला हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

पुढे घरची परिस्थिती ढासळली. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव हिंडू लागलं. मिळेल त्या दक्षिणेवर पोट भरायचं. मग १८७० च्या दशकातला भयंकर दुष्काळ आला. भांडीकुंडी, कपडेलत्ते विकून झाले. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. मागून खाणं किंवा मजुरी करणं या पंडिताच्या घराला माहीतच नव्हतं. त्या दुष्काळात आधी वडील गेले, मग काही महिन्यांत आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात. शेवटी रमाबाईंनीही खांदेकऱ्यांबरोबर भार घेतला. उंचीनं लहान, म्हणून तो भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. वीस वर्षंही पुरी झालेली नव्हती तेव्हा त्यांना.

उरले ती आणि थोरला भाऊ श्रीनिवास. दोघं बहीण-भाऊ देशभर पायी फिरले, सुमारे ४००० मैल. पंजाबात झेलमच्या काठी थंडी इतकी, की अंगावर पांघरायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणून मानेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं. सगळी तीर्थं झाली, व्रतं झाली, उपास झाले. आईवडिलांनी ज्या श्रद्धेनं हे सगळं केलं होतं त्याच श्रद्धेनं मुलांनी केलं. पण मनातली पोकळी भरेना.

मान मिळाला, माणसं गेली

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. विशीतली एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या तिला मिळाल्या. सभांमधून बोलावणी येऊ लागली. पण शास्त्रं जास्त खोलात वाचल्यावर त्यांना असं दिसलं, की बाईला आणि शूद्राला मोक्षाची वाट त्यात जवळजवळ बंदच ठेवली आहे. मग आपण कशाच्या आधारावर जगायचं, हा प्रश्न त्यांना सोडेना.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. दोन्हीकडून टीका झाली. सिल्चरला संसार मांडला, मनोरमा नावाची मुलगी झाली. तिथं नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि येशूची ओळख पहिल्यांदा झाली. पण फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवराही गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

आईबाप, बहीण, भाऊ, नवरा. चोवीस वर्षं पुरी होण्याआधी एवढी माणसं या बाईनं गमावली होती.

बाप्तिस्मा झाला, पण मन थांबलं नाही

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, बायकांना शिक्षण आणि बाई-डॉक्टर हवेत अशी साक्ष हंटर कमिशनपुढे दिली. १८८३ मध्ये पुढचं शिक्षण घ्यायला लेकीसह इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या.

लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींचं एक घर होतं. समाजानं टाकून दिलेल्या, वाममार्गाला लागलेल्या बायकांची तिथं सेवा चाले. रमाबाईंनी असं कधी पाहिलंच नव्हतं. अशा बायकांना जवळ करावं असं कुणालाही का वाटावं, हे त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या, गावानं वाळीत टाकलेल्या बाईशी येशू बोलतो, तिला झिडकारत नाही. ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतली. मूळचे चित्पावन ब्राह्मण असलेले फादर नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनीही बऱ्याच शंका मिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

गोष्ट इथंच संपली असती तर सोपं होतं. पण धर्म बदलला म्हणून प्रश्न संपले नाहीत. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजलाच दुर्दैवी अंत झाला होता, त्याचा घाव ताजा होता. चर्चच्या शिकवणीतल्या कितीतरी गोष्टी बुद्धीला पटत नव्हत्या. ज्यांनी आसरा दिला त्याच भगिनींशी त्यांचे वाद होत. धर्म स्वीकारला म्हणजे स्वतःची बुद्धी गहाण ठेवली असं नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असाही त्यांचा आग्रह होता. मांसाहार त्यांनी केला नाही, साडी सोडली नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथं हिंदुस्थानातल्या उच्चवर्णीय बायकांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. व्याख्यानं देऊन विधवांच्या शाळेसाठी मदत जमवली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९० मध्ये सदन पुण्याला हललं.

बाहेरून पाहिलं तर सगळं उत्तम चाललं होतं. नाव होतं, काम होतं, पैसा येत होता. पण आत रमाबाई अस्वस्थच होत्या. प्रार्थना होत होती, वाचन होत होतं, तरी मनाला काहीतरी कमी पडत होतं.

१८९१ साली काय झालं

अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र पडलं. हा माणूस कित्येक वर्षं चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून काम करत होता, पण खरा विश्वास आपल्याला मिळालेलाच नाही हे त्याला उशिरा कळलं. ते वाचता वाचता रमाबाईंना आपलीच गोष्ट वाचल्यासारखं वाटलं. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, त्याचे नियम शिकलो, त्यावर वाद घातले, पण ख्रिस्त मात्र आपल्याला भेटलेला नाही, असं त्यांना उमगलं.

मग त्या पुन्हा बायबलकडे वळल्या, या वेळी वाद घालायला नाही. आपल्या पुण्याईनं, तपानं, विद्येनं देवापुढे उभं राहता येत नाही, तो आहे तसं आपल्याला स्वीकारतो, एवढं मानून त्यांनी स्वतःला त्याच्या हवाली केलं. लहानपणापासून व्रतं करून, मैलोन्मैल चालून जे कमवायचा प्रयत्न केला होता, ते फुकट मिळतं हे मान्य करणं पंडिताच्या लेकीला अवघड होतं. ते मान्य केलं त्या दिवसापासून मनाची तगमग थांबली, असं त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत नमूद केलं. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षं होत आली होती.

शांतीची परीक्षा

मनाला शांती मिळाली म्हणून आयुष्य शांत झालं नाही, उलट वादळं वाढली. शारदा सदनात धर्म शिकवला जाणार नाही असा शब्द पालकांना दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. पुण्यात गदारोळ झाला. केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा राग समजण्यासारखा होता. मात्र कुणाला सक्ती केली नाही आणि माझा विश्वास मी लपवणारही नाही, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही.

अमेरिकेची मदत दहाच वर्षांसाठी होती. पुढची सोय म्हणून त्यांनी केडगावला १०० एकरांच्या आसपास जमीन घेतली, फळझाडं लावली. आणि १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंगीसारखी मरत होती. अनाथ मुली भलत्याच माणसांच्या हाती लागत होत्या. ज्या बाईनं पाला खाऊन दिवस काढले होते तिला गप्प बसवेना. हातात पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या मुली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या जणींना नुसतं खाऊ घालून भागणार नव्हतं. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना सुरू झाला. आंधळ्या बायकांना मनोरमाबाईंनी बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. समाजानं वाईट चालीच्या ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं बांधलं. फुलहॅमला पाहिलेलं घर आता दौंडच्या माळरानावर उभं होतं.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या, नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बाईलाही कळावं, अशी साधी भाषा ठेवली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनीच केलं. कानांनी त्यांना तरुणपणापासूनच कमी ऐकू येई, पण कामाचा उरक शेवटपर्यंत तसाच होता.

शेवटचा घाव

सदनाची सगळी भिस्त आता मनोरमाबाईंवर होती. आईच्या मागे त्याच काम सांभाळणार हे ठरलेलं होतं. पण २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या. रक्ताचं म्हणावं असं रमाबाईंचं शेवटचं माणूस गेलं. तरुणपणी माणसं गेली तेव्हा त्या उत्तरं शोधत देशोदेशी फिरल्या होत्या. या वेळी त्या केडगावातच राहिल्या, आपल्या मुलींमध्ये, भाषांतराचं काम पुरं करत. नऊ महिनेही उलटले नव्हते, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. त्यांचं पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं.

रमाबाईंचा मार्ग प्रत्येकाला पटेल असं नाही. त्या काळीही पटला नव्हता. पण एक गोष्ट त्यांच्या आयुष्यातून कुणालाही घेता येते. मनःशांती पदव्यांनी मिळाली नाही, परदेशानं मिळाली नाही, नुसता धर्म बदलूनही मिळाली नाही. ती मिळायला वेळ लागला, आणि मिळाल्यावर त्या दार लावून बसल्या नाहीत. दुष्काळातल्या मुलींसाठी त्यांनी ते दार उघडं ठेवलं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुढच्या वेळी गाडी केडगाववरून गेली, तर खिडकीतून एकदा नजर टाका.